ह्यांचं फॅसिनेटिंग

शेजारच्या अक्षयाने मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यावर काढलेला स्वतःचा फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली आमच्या ह्यांनी लिहिलं, ‘फॅसिनेटिंग!’ मला बावीस वर्षांत साधं ‘बरी दिसतेस’ म्हटलेलं नाही ह्या माणसाने.

लेकीला अर्थ विचारला. “मोहून टाकणारी,” ती मोबाईलमध्ये बघत म्हणाली. “पण आई, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आहे दृष्ट लावणं.”

दिवेलागणीला मी मीठ-मिरच्या घेऊन अक्षयाची दृष्ट काढायला तिच्या दारापुढच्या खळ्यात गेले. वाडीतल्या बायका जमल्या, हेही कौतुकाने बघायला आले. तिच्यावरून मूठ ओवाळत मी म्हणू लागले, “आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, घरच्यादारच्याची...”



आणि मग आयुष्यात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय, ह्यांचं नाव घेतलं.