कीबोर्डखालची चिठ्ठी

“मीनल, या खेळाला दारच नाही गं!” वेलणकरांची अक्षरं स्प्रेडशीटच्या चौकटीत उमटली. आठ दिवस ते नुसते भिंतींना धडकत होते.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं त्यांच्या मनाची नक्कल काढून ठेवली. संगणकावर स्प्रेडशीटशिवाय काही चालत नसे, म्हणून ती वेलणकरांनीच फावल्या वेळात शीटमध्ये बनवलेल्या चक्रव्यूहाच्या खेळात बसवली. दार करायच्या आत साहेब आले होते, आणि ते राहूनच गेलं होतं.

“आत्ता करते, काका. पण शीटला तुम्ही कुलूप घातलंय. पासवर्ड सांगा,” त्यांच्या जागी आलेल्या मीनलनं टाइप केलं.

पंचवीस वर्षांच्या फायली त्यांना तोंडपाठ होत्या. पासवर्ड मात्र त्यांनी कधीच लक्षात ठेवला नव्हता.

“कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवलीय बघ.”

मीनलनं कीबोर्ड उलटा करून पाहिला.

“काका, सोमवारी सगळे कीबोर्ड नवे आले.”