डॉक्टर काय म्हणाले

देवलाच्या आतड्यातली गाठ नांदेडच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने काढली. पोटावर नुसती चार बारीक भोकं. दुसऱ्या दिवशी त्याला चालायला लावलं आणि दोन दिवसांनी त्याच्या बायकोला, रुख्मिणीबाईला सांगितलं, "आता घरी न्या, खावंसं वाटेल ते द्या."

देवलाच्या मनात पाल चुकचुकली. त्याच्या थोरल्या भावाचं पोट उघडून तसंच शिवून टाकलं होतं, तेव्हाही डॉक्टर हेच बोलले होते. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर आणल्यावर भाऊ आठवडाभरही टिकला नव्हता.

घरी आल्यावर त्याने बायकोला विचारलं, "खरं सांग, डॉक्टर तुला बाजूला नेऊन काय म्हणला?"

"काई न्हाई. तुमी खिचडी खा."

"मंग खाली पाहून काहून बोलून राहिली?"

ती चुलीकडे वळली. देवला समजायचं ते समजला.

संध्याकाळी त्याने पोरीला, पुजाला, जवळ बसवलं. नर्सिंग शिकायला नांदेडला जायचा तिचा हट्ट त्याने मोडून काढला होता, सोयरीकही जवळपास ठरवली होती.

"सोयऱ्यांना न्हाई म्हणून कळवतो," तो म्हणाला. "तू जाय शिकायला. माझ्या माघारी तुला कोणी अडवाया नको."

पुजा रडतच बाहेर आली.

 

रुख्मिणीबाईने तिला गोठ्यामागे ओढलं आणि हळूच म्हणाली, "रडू नको, तुझा बाप ठणठणीत हाय, डॉक्टरनंच सांगितलं; पण तुझं अ‍ॅडमिशन होईस्तोर त्याला हे सांगू नको."