हो म्हणणारी सून

आठवडा झाला, माझी सून मला उलट उत्तर देत नाही, हीच माझी तक्रार आहे. बाई शब्दकोशाच्या कचेरीत कामाला. कुठला इंग्रजी शब्द कुणाकडून उचललेला, हे ऐकवल्याशिवाय तिला घास उतरत नसे. केचप मुळात चिन्यांचं, त्यात टोमॅटो नव्हताच, माशांचं खारवलेलं पाणी होतं, हे सांगून तिनं माझी केचपवरची वासनाच उडवली होती.

मग एकदा जेवताना म्हणाली, "आई, डॉपलगँगर हा शब्द इंग्रजांनी जर्मनांकडून घेतला. म्हणजे हुबेहूब आपल्यासारखं दिसणारं दुसरं कुणीतरी. मला आज जिन्यात दिसलं."

मी म्हटलं, "चष्मा बदल."

दुसऱ्या दिवसापासून ही अशी गोगलगाय. चहा वेळेवर, आवाज खाली. मुलगा खूश, मला मात्र घर खायला उठलं. आज मुद्दाम बाटली पुढं सरकवून म्हटलं, "केचप म्हणजे अस्सल इंग्रजी शब्द हो!"

ती गोड हसली. "हो आई, अगदी बरोबर."

मी ताट बाजूला सारलं.

"कामाला तू तिच्यापेक्षा वरचढ आहेस, बाई. पण मला माझी भांडणारीच हवी. जिथं ठेवली असशील तिथून तिला परत आण."