डाव्या बाजूची सावली

आमच्याकडच्या उन्हात ट्रकची बॅटरी दोन वर्षंही धड टिकत नाही, आतल्या आत शिजते. बॅटऱ्या बदलण्यात माझी हयात गेली, म्हणून नाना ड्रायव्हर नवी बॅटरी बसवायला आले तेव्हा सहज म्हणालो, "नाना, गाडी सावलीत लावत चला. बॅटरी चार वर्षं काढेल."

नानांनी ते फारच मनावर घेतलं. माझ्या दुकानासमोरच्या गोदामाच्या भिंतीची सावली जेमतेम अर्ध्या गाडीपुरती. बॅटरी डावीकडे, ड्रायव्हरची सीट उजवीकडे. नाना डावी बाजू भिंतीला चिकटवून गाडी लावायचे आणि माल उतरवायचा नंबर लागेपर्यंत चार-चार तास उजवीकडे भाजत बसायचे.

"अहो, जरा स्वतःकडे बघा की!"

"बॅटरी बसली की मालक माझ्यावर डाफरतो. त्यापेक्षा ऊन बरं."

चौथ्या उन्हाळ्यात मालक स्वतःच गाडीबरोबर आला. "अजून चावी फिरवली की एका दमात चालू! नवी नको, फक्त पाणी बघ."

नानांना शाबासकी द्यावी म्हणून मी केबिनकडे वळलो. सीटवर कुणी दुसराच होता.



"नाना होय? त्याला हल्ली ऊन सोसेना," मालक म्हणाला. "बदलला."