चाललेली फाईल

कोर्टानं अर्जासोबत फ्लॉपी मागायला सुरुवात केली, तेव्हापासून शाहूपुरीतल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात एकच नियम आहे. नवी फाईल करायचीच नाही. नव्या फाईलीतली मराठी अक्षरं तिकडच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन होऊन उमटतात आणि कारकून फ्लॉपी परत करतो. त्यापेक्षा तिथं एकदा नीट उघडलेली जुनी फाईल घ्यायची आणि आतली नावं बदलायची. घटस्फोटाची माझ्याकडं अशी एकच फाईल आहे.

काल मुजावर वकिलांनी शिवलीला नावाची मुलगी पाठवली. दुसरीकडं करून घेतलेली तिची फ्लॉपी दोनदा परत आली होती.

"अक्का, आता तरी उघडंल न्हवं? सारखं सारखं घरातनं निघता येत न्हाय."

"उघडतीय. बस गप."

तिच्या बाबतीत काय बदलायचं ते कळावं म्हणून मी जुना मजकूर वाचून दाखवला. जेवणाचं ताट भिरकावणं. आतून कडी लावून मारणं. दुसऱ्या दिवशी साडी घेऊन येणं.

"साडीचं तुमास्नी कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"सगळीकडं असंच असतंय," मी म्हटलं, आणि नावं बिनचूक यावीत म्हणून तिची लग्नपत्रिका मागून घेतली.



मग माझं नाव पुसून तिथं तिचं टाइप केलं. नवऱ्याचं होतं तेच ठेवलं.