अर्धं मन
ठाण्याच्या मिठागरात चाळीस शेरांच्या मणाला मनच म्हणत, त्यातून हा घोटाळा झाला. डोक्यावर मनामनाच्या टोपल्या वाहून आवडाबाईची मान आखडली होती, पण बोललं तर काम जाईल म्हणून ती गप्प राही. बावन्न साली मुंबईहून कामगारांच्या मनाचा अभ्यास करणारा साहेब आला. "बाई, काम करताना मन जड होतं का?" त्याने हळूच विचारलं. आवडाबाई चपापली, याला कुणी सांगितलं? "लय जड, साहेब! मान मोडते." साहेबाने मुकादमाला बजावलं, "आधी बायांचं मन हलकं करा!" महिन्याने येऊन बघतो तर बाया गाणी म्हणत मिठाच्या दुप्पट खेपा करतायत! "तुमीच सांगितलंत ना," मुकादम म्हणाला, "सगल्यांचं अर्धं मन काढलं." साहेब मिठासारखा पांढरा पडला. आवडाबाईने घाबरून हातच जोडले, "ते परत घालू नका, साहेब! अर्ध्या मनानंच काम बरं व्हतं!"