अविराज इलेव्हनचा यंदाचा अंदाज

बैठकीत ओळख दाखवायची नाही, एवढं पक्कं ठरलं होतं. तरी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येताना निकिताची नजर आधी सोफ्याकडेच गेली.

सोफ्यावर अविराज बसला होता. कळस गावचा, पेरूची बाग सांभाळणारा. शेजारी त्याची आई संजीवनीबाई, आणि दोन्ही घरांच्या ओळखीचे मध्यस्थ आबाजी. समोर निकिताचे वडील कुंडलिकराव हाताची घडी घालून बसले होते. पोरापोरींनी आपसात जमवायचं आणि मग घरच्यांना कळवायचं, या प्रकाराची त्यांना भयंकर चीड. वडगाव निंबाळकरात अख्ख्या आळीला ती ठाऊक होती. खरं काय ते त्यांच्या कानावर गेलं असतं, तर पाहुण्यांना चहासुद्धा मिळाला नसता.

कारण हे आपसातच जमलेलं होतं. तेही क्रिकेटवरून.

खरं क्रिकेट नव्हे, कॉम्प्युटरवरची लीग. खेळाडू काल्पनिक, सामने यंत्रच खेळणार. मालकांनी फक्त संघ निवडायचा आणि निकालाची वाट बघायची. बारामती-इंदापूरकडची हौशी मंडळी ती चालवायची. बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी निकिता हंगामाच्या तोंडावर प्रत्येक संघाचं भवितव्य लिहायची, आणि लिहिताना कुणाची भीड ठेवायची नाही. दोन वर्षांपूर्वी 'अविराज इलेव्हन'बद्दल तिनं लिहिलं, 'मधली फळी म्हातारी. मालकाला माया आवरत नाही. क्रमांक सातवा.'

बाकीचे मालक असल्या लिखाणावर शिव्या द्यायचे. या मालकाचा निरोप आला, 'माणूस सुरवातीला पडला म्हणून घराबाहेर काढत नसतात. हंगाम लांब हाय.'

त्या वर्षी संघ चौथा आला. निकितानं सगळ्यांदेखत माफी मागितली आणि तिथून रोजच्या गप्पा सुरू झाल्या. संघाचं नाव अविराज, म्हणून मालकालाही ती अविराजच म्हणू लागली. फोनवर बोलणं कधी झालं नाही. घरात माणसं असतात, असं उत्तर यायचं. मधूनच 'थांबा, शेगडीवर दूध हाय' असंही यायचं. दुधाकडे बघणारा पुरुष निकितानं जन्मात पाहिला नव्हता. कॉलेजात कुणाशी वाजलं, घरात कुणी बोललं, की ती आधी तिथं सांगायची, आणि दोन ओळींत तिला हसू फुटायचं.

तिचा जीव जडला होता, यात झाकण्यासारखं काही नाही. शेतकरी नवरा नकोच म्हणून स्थळं परतवणारी ही बया 'आबाजींच्या हातून स्थळ पाठवायचं का?' एवढं वाचून दिवसभर घरात गुणगुणत होती. अविराजचा चेहरा तिनं पहिल्यांदा पाहिला तो आबाजींनी आणलेल्या फोटोतच.

कुंडलिकरावांनी सकाळीच बजावलं होतं, "ह्ये बी न्हाय म्हणालीस, तर म्होरलं मी ठरवीन. मग इचारणार न्हाय."

आता आबाजींनी बशीत चहा ओतत नको तिथं हात घातला. "आजकालची पोरं सारखी मोबाइलात असत्यात. तुजं काय गं, पोरी?"

संजीवनीबाईंचा कप ओठांपाशी थांबला. कुंडलिकरावांनी मान वर केली.

"कॉलेजचं काम असतं, तेवढंच," निकिता म्हणाली.

अविराज मात्र शांतपणे बिस्कीट बुडवत होता, जसं काही त्याचा या गोष्टीशी संबंधच नाही. काय थंड डोक्याचा माणूस, तिला वाटलं.

मग आबाजींच्या आग्रहावरून दोघांना ओसरीवर बोलायला पाठवलं. आसपास कुणी नाहीसं पाहून निकितानं हळूच विचारलं, "यंदा परत सातवा क्रमांक टाकलाय. रागावलात?"

अविराज गोंधळला. "कशाचा राग?"

तेवढ्यात तिला ओसरीखाली कढीपत्त्याची पानं खुडत उभ्या असलेल्या संजीवनीबाई दिसल्या. निकितानं जीभ चावली. तो सावध होता, उतावीळ तीच.

मग तो पेरूबद्दल बोलला. ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात, त्याबद्दल बोलला. लिहिण्यातला खट्याळपणा बोलण्यात कुठं नव्हता, पण आई हातभर अंतरावर उभी असताना कुणाला चेष्टा सुचणार? माणूस सरळ वाटत होता. शेवटी कान लाल करून तो म्हणाला, "आमच्या आईच्या लई मनात हाय ह्ये स्थळ. मला बी पसंत हाय."

निकिता आत आली, तर स्वयंपाकघराच्या दारात कुंडलिकराव वाट अडवून उभे.

"काय सांगू त्यानला?"

"हो सांगा, तात्या."

त्यांनी वाट सोडली नाही. "नीट इचार केलास न्हवं? आधीची वळख-बिळख काय न्हाय?"

"नाही." वडिलांशी ती सहसा खोटं बोलत नसे, आणि आता बोलली ती थेट डोळ्यांत बघून.

ते वळले. बैठकीतून त्यांचा आवाज आला, "पोरगी व्हय म्हणती." आबाजींनी साखर वाटायला घेतली. सुटलो एकदाचे, असं वाटून निकितानं भिंतीला पाठ टेकली. डोळे भरून आले होते.

संजीवनीबाई नारळ आणि खण घेऊन आत आल्या. तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. मग जवळ घेण्याच्या निमित्तानं वाकून तिच्या कानाशी कुजबुजल्या.

"पहिल्या सामन्याला सलामीला नवा पोरगा धाडू, का जुनाच ऱ्हाऊ दे, ते सांजच्या आत सांग. आन् अविराजला इचारू नगंस. त्याच्या नावानं संघ हाय, येवढं बी त्याला ठावं न्हाय."